दाबून काढलेली रेघ

गुरुवार, १ ऑक्टोबर २००९

दिला! राजीनामा दिला. नकाशा विभागातली सव्वीस वर्षांची सरकारी नोकरी पाच ओळींत संपवली.

इन्शिराहच्या टेबलावर नेऊन ठेवला. हजेरीची वही, आवक-जावक, सगळं तिच्याकडेच असतं, कारण बाई सातलाच येऊन बसते. तिने वाचला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. म्हणाली, ‘‘राविया, घरी ने. दोन दिवस झोप काढ, मग बोलू.’’ मी म्हटलं, ‘‘झोपच काढली की सव्वीस वर्षं इथे!’’ सगळा विभाग हसला. दसूकीकाका चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते, ते तेवढे नाही हसले. ‘‘पोरी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलीस,’’ म्हणाले. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला पोरी!

इन्शिराहने कागद खणात टाकला. ‘‘फिक्रीसाहेब आले की देते वर.’’ कचेरीचे मोठे साहेब अजून आलेच नव्हते. पोच घ्यायची राहिली. गेली उडत पोच.

संध्याकाळी शौकीला सांगितलं. नवरा म्हणून त्याने निदान ओरडावं तरी! तो वर्गातल्या मुलांच्या वह्या तपासत होता. त्याच्या आईची म्हण ऐकवली फक्त — ‘सरकारी नोकरी हुकली तर निदान तिच्या धुळीत तरी लोळावं.’ मी म्हटलं, लोळून झालं, आता आंघोळ करते.

खरं कारण त्याला सांगितलेलं नाही. इथे लिहिते, इथे कोण बघतंय? मी जिथे चाललेय त्या खासगी कंपनीने आधी इन्शिराहला विचारलं होतं. तिनेच सांगितलं, भोपळ्याच्या बिया सोलता सोलता, हसत. ‘‘अगं, मला बोलावत होते. दुप्पट देतो म्हणे. मी म्हटलं, मला नको बाई ते कंत्राट.’’ आणि पुढची बी तोंडात! जणू कोणी चहाला विचारलं होतं. मला का नाही विचारलं? एकाच दिवशी लागलो, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, एकाच नाईल कालव्याचे नकाशे काढले. त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना फोन केला.

रविवार, ४ ऑक्टोबर

पहिला दिवस. लिफ्ट! एसी! मालक इंजिनिअर ताहिर, पस्तिशीचा पोरगेला माणूस, सगळे त्याला बाशमुहन्दिस, म्हणजे मोठे इंजिनिअर, म्हणतात, तर मीही म्हणाले. काम सोपं. सरकारी कचेऱ्यांतले जुने नकाशे इथे कॉम्प्युटरवर चढवतात. चढवणाऱ्या पोरी हुशार, पण जुनी खूण एक ओळखत नाहीत. मी मागे उभी राहून सांगायचं — ही रेघ पाट, हा बांध, हा बुजलेला नाला.

कंत्राट तीन महिन्यांचं. सही केली. मग हिशेबनिसाने आणखी एक कागद सरकवला. माझाच राजीनामा! टाइप केलेला, तारखेची जागा कोरी. ‘‘हे काय?’’ ‘‘पद्धत आहे, मॅडम. सगळेच देतात. नुसता फाईलला.’’

एका आठवड्यात दोन राजीनामे. केली सही.

बुधवार, ७ ऑक्टोबर

इथे हजेरीची वही नाही. बोट ठेवायचं यंत्र आहे. आठ वाजून चार मिनिटं झाली की लाल दिवा.

आमच्या कचेरीत साडेआठला फिक्रीसाहेब वहीत लाल रेघ मारायचे. रेघेच्या वर ज्याची सही तो आला, खाली ज्याची तो उशिरा. पण तल्खातल्या घरून मन्सूऱ्याच्या कचेरीत येताना पूल तुंबला, तरी मी कधी रेघेखाली गेले नाही. इन्शिराह ठोकून द्यायची माझी सही. तिची बहीण आजारी होती त्या वर्षी मी तिची ठोकायचे. सव्वीस वर्षांत माझ्या निम्म्या सह्या तिच्याच हातच्या असतील. हुबेहूब! फक्त शेवटचा फराटा. माझा खाली जातो, तिचा वर. फिक्रीसाहेबांच्या बापालाही कळलं नसतं.

आता आठ-चारचा लाल दिवा. बोट कोणाचं उसनं आणणार?

गुरुवार, १५ ऑक्टोबर

घरी येताना मुद्दाम कचेरीवरून आले. दोन वाजले होते. इन्शिराह पायऱ्या उतरत होती, हातात भाजीची पिशवी. दोन वाजता! मी पाचला सुटते, आज डोकं दुखतं म्हणून लवकर निघाले तर ताहिरने घड्याळ बघितलं.

‘‘कशी आहेस गं? तिथे कसं चाललंय? नाही आवडलं तर सांग हं मला.’’

सांग हं मला! हिला सांगून काय होणार आहे? हिच्या पदरात सरकार बांधलंय का? मी म्हटलं, ‘‘छान चाललंय. एसी आहे.’’ ती म्हणाली, ‘‘तुझा ग्लास मी ठेवलाय धुऊन. टेबलही कोणाला देत नाहीये.’’ दया दाखवते. मोठेपणाचा भारी शौक बाईला!

पिशवीत मुलुखियाची पालेभाजी होती, ताजी. मी आठवडाभर फ्रीजरमधली खातेय.

रविवार, २५ ऑक्टोबर

आज एका पोरीने विचारलं, ‘‘मॅडम, तुम्ही हाताने एवढ्या बारीक रेघा कशा काढायचात?’’ बरं वाटलं. मग पुढे म्हणाली, ‘‘बाशमुहन्दिस सांगत होते, तुमच्या कचेरीत कोणी इन्शिराह मॅडम आहेत, त्यांच्यासारखी नजर मन्सूऱ्यात कोणाची नाही.’’

नजर! मान्य आहे, आहे तिला नजर. पूर्ण झालेला नकाशा ती उलटा करायची, पाठीवरून बोट फिरवायची आणि सांगायची — ‘‘ही रेघ रावियाची. बाई दाबून काढते, जसं काही कागदाशी भांडण आहे.’’ स्टेन्सिलने काढलेली अक्षरंसुद्धा ओळखायची. नवीन लोक पैज लावायचे आणि हरायचे.

म्हणजे तिथेही तीच. इथेही तीच.

सोमवार, २ नोव्हेंबर

फोन. इन्शिराहचा, कचेरीतून. मागे सगळ्यांचे आवाज. ‘‘एकदा ये ना इकडे. एक कागदाचं काम आहे, फोनवर सांगण्यासारखं नाही.’’ मी म्हटलं, सुट्टी नसते आम्हाला. ‘‘शुक्रवारी घरी ये मग, फितीरची पोळी करते, मध घालून.’’ बघू म्हटलं.

नाही जाणार. निरोप-समारंभाचा हिशेब असेल, किंवा खण रिकामा करून ने, असं. तिच्या स्वयंपाकघरात बसून तिच्या पेन्शनच्या गप्पा ऐकायला मला वेळ नाही.

बुधवार, ११ नोव्हेंबर

आज कळलं. भाजीवाल्यापाशी दसूकीकाका भेटले. इन्शिराह विभागप्रमुख झाली!!

खिडकीजवळची हातांची खुर्ची. काचेचं टेबल. वेगळा फोन. आमच्या विभागात ती जागा सहा वर्षं रिकामी होती आणि त्या जागेसाठी नावं दोनच होती. तिचं आणि माझं. मी निघाले आणि सव्वा महिन्यात! माझी जागा पुसली आणि त्यावर हिचं नाव.

‘‘अभिनंदन करायला ये,’’ काका म्हणाले. ‘‘ती तुझी वाट बघते. रोज विचारते, राविया दिसली का?’’

बघत असेल. मी आले नाही तर मिरवणार कोणापुढे?

गुरुवार, १२ नोव्हेंबर

शौकी म्हणाला, ‘‘तुझ्या पोटात दुखतंय ते सोडा पिऊन जाणार नाही.’’ त्याच्याशी बोलत नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

हो, दुखतंय. जळतेय मी. लिहूनच टाकते. सकाळी बोट ठेवताना मला ती दिसते, पुलावर मिनीबसमध्ये उभी असताना दिसते. तिला तापाची रजा मिळते, मला ताप यायचीही सोय नाही, कारण तापाचा दिवस पगारातून कापला जातो. तिला ईदचा बोनस मिळेल, मला ‘ईद मुबारक, मॅडम’. तिने काय केलं? काहीच केलं नाही! जागेवर बसून राहिली, आणि सगळं तिच्याकडे चालत आलं. मी उठून चालायला लागले आणि माझ्याकडे होतं तेही गेलं.

आणि सगळ्यात वाईट काय, तर तिने मला थांबवलं होतं. ते ‘दोन दिवस झोप काढ’ मला रोज ऐकू येतं. तिचं खरं ठरू नये एवढीच माझी इच्छा आहे आता.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

केलं एक काम. कोणाला सांगायचं नाही, तुलाही नीट सांगत नाही, वही.

बरं, सांगते. खात्याच्या तपासणी विभागाला अर्ज लिहिला. निनावी. चार ओळी — नकाशा विभागात लोक एकमेकांच्या सह्या करतात, आणि नव्या विभागप्रमुखबाई त्यात सगळ्यांत पुढे. खोटं एक अक्षर नाही! हस्ताक्षर नको म्हणून स्टेन्सिल घेतली. जुनी, आठ नंबरची, माझ्याच खणातून आणलेली.  मग पोस्टात टाकला आणि समोरच्या दुकानात बसून बसबुशाच्या दोन गोड वड्या खाल्ल्या.

एक ठपका लागेल. खुर्ची जाईल. बस्, एवढंच. नोकरी कशी जाईल? सरकारी नोकरी कधी कोणाची गेलीय!

बुधवार, १८ नोव्हेंबर

डबा तसाच परत आणला. बसबुशाने असेल.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

मोठी ईद. सासूबाईंनी बोकड कापवला, मांसाचे वाटे केले. दारात इन्शिराहचा भाचा वाटा घेऊन आला, त्यांच्याकडचा. सोबत चिठ्ठी — ‘ईद मुबारक, कुल्ल सना व-इन्ती तय्यिबा. आता तरी ये. मार्चच्या आत बोलायला हवं.’

मार्चचं काय? तिच्या मुलीचं लग्न असेल. मला बोलावणार, विभागप्रमुखबाईंची मैत्रीण म्हणून ओळख करून देणार.

आमच्याकडून उलट वाटा पाठवायचा असतो. मी हाडं जास्त असलेला निवडला. शौकीने बघितलं, बदलला, आणि स्वतः नेऊन दिला. येऊन म्हणाला, ‘‘विचारत होती तुला. बारीक झालीय.’’

‘‘कामाचा ताण,’’ मी म्हटलं, ‘‘खुर्ची जड असते.’’

गुरुवार, ३ डिसेंबर

जुने नकाशे संपत आले. खोलीच्या कोपऱ्यात गुंडाळ्यांचा डोंगर होता, आता अकरा उरल्यात. मी हळू वाचायला लागलेय. पोरी म्हणतात, ‘‘मॅडम, हा तर पाटच आहे ना?’’ पाटच असतो. मी म्हणते, ‘‘थांबा, बघू दे.’’

ताहिरला विचारलं, कंत्राट पुढे वाढवणार ना? ‘‘बघू, मॅडम. इन्शाल्ला.’’

आमच्याकडे ‘इन्शाल्ला’ हो म्हणताना वेगळं म्हणतात आणि नाही म्हणताना वेगळं. हे दुसरं होतं.

मंगळवार, १५ डिसेंबर

तपासणी विभागातून बोलावणं आलं! रविवारी अकरा वाजता, ‘साक्षीदार म्हणून’. म्हणजे अर्ज पोचला. महिना होत आला, मला वाटलं टोपलीत गेला असेल.

आत काहीतरी उडी मारून उठलं. भीती म्हणू की आनंद? दोन्ही. आनंद जास्त.

रविवार, २० डिसेंबर

अर्धा दिवस कापून गेले. तपासनीस म्हातारा, सर्दी झालेला, सारखा रुमाल. समोर एक कागद ठेवला. वरचा सगळा भाग फाईलने झाकलेला, खाली फक्त सही. माझं नाव.

‘‘एवढंच बघा, मॅडम. वरचं बघायचं नाही, पद्धत आहे. ही सही तुमची?’’

एका नजरेत कळलं. फराटा वर गेलेला. इन्शिराहच!

मला वाटलं, हजेरीचं जुनं पान असणार. एखाद्या पूल तुंबलेल्या सकाळचं. एक क्षण — खोटं नाही बोलणार — एक क्षण वाटलं, म्हणावं माझीच आहे. सव्वीस वर्षं ती माझीच होती ना? मग डोळ्यांपुढे खिडकीजवळची ती खुर्ची आली.

‘‘माझी नाही.’’

‘‘नक्की? घाई नाही. पुन्हा बघा.’’

‘‘नक्की. हा फराटा इन्शिराह मॅडमचा. त्यांची सवय आहे.’’

म्हाताऱ्याने रुमालाच्या वरून माझ्याकडे बघितलं. ‘‘लिहून देता?’’ दिलं. ‘सदर सही माझी नसून...’ तारीख, सही, माझा फराटा खाली. तो म्हणाला, ‘‘तुम्हाला समजतंय ना, तुम्ही काय लिहून देताय?’’ मी म्हटलं, खरं ते लिहून देतेय.

येताना कालव्याकाठी उन्हात चालले. मक्याचं भाजलेलं कणीस घेतलं. कित्येक आठवड्यांत एवढं हलकं वाटलं नव्हतं.

गुरुवार, २४ डिसेंबर

ताहिरने बोलावलं. टेबलावर तो कागद. माझाच राजीनामा, ऑक्टोबरात सही केलेला.

‘‘मॅडम, काम उत्तम केलंत. पण नकाशे संपले. पुढचं तर पोरीच करतील, तुम्ही शिकवलंत ना त्यांना सगळं.’’ आणि मग पेन पुढे केलं! ‘‘तारीख तेवढी तुमच्या हाताने घाला, एकतीस डिसेंबर. म्हणजे अक्षर एक दिसेल.’’

घातली. काय करणार? सही तर आधीच केलेली.

पोरींनी केक आणला. त्यावर माझं नाव होतं, ‘रावया’. केकवाल्याने एक वेलांटी खाल्ली. मी पण खाल्ला, केक.

शनिवार, २६ डिसेंबर

शौकीला सांगितलं. त्याने चहा करून आणला, माझ्यासाठी पुदिना घालून. हे ओरडण्यापेक्षा वाईट.

मग म्हणाला, ‘‘कचेरीत जाऊन बघ. फिक्रीसाहेब भला माणूस आहे. रोजंदारीवर तरी घेतील.’’

रोजंदारीवर! इन्शिराहच्या हाताखाली! तिने सकाळी वही उघडायची आणि मी वेगळ्या कागदावर अंगठा करायचा. मी म्हटलं, मरेन पण जाणार नाही.

रविवार, २७ डिसेंबर

यारा विचारत होती, पुढच्या सत्राची फी कधी भरायची. मुलीला काय सांगू?

सोमवारी... नाही, मंगळवारी जाते. तिची खुर्ची एव्हाना गेली असेलच. ती नसलेल्या खुर्चीकडे बघत विचारीन, म्हणजे जड जाणार नाही.

मंगळवार, २९ डिसेंबर

फिक्रीसाहेबांनी फाईल माझ्यासमोर उघडली, या वेळी काही न झाकता. ती हजेरी नव्हती. बिनपगारी रजेचा अर्ज होता — राविया, घरगुती कारण, सहा महिने, मार्चअखेर. खाली माझं नाव, फराटा वर. माझा राजीनामा तिने वर पाठवलाच नव्हता. खणातच होता.

‘‘मार्चपर्यंत तुमची नोकरी होती, मॅडम. तुम्हीच लिहून दिलंत की अर्ज तुमचा नाही. आता रजा रद्द आणि तीन महिने गैरहजर, म्हणजे नोकरी गेली. माझ्या हातात काही नाही.’’ इन्शिराहला निलंबित केलंय. खोटी सही. पेन्शनही अडकणार.

उठले. दारापर्यंत आले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तो निनावी अर्जही दाखवला होता तिला. स्टेन्सिलची अक्षरं, कोणाची ते विचारलं. तिने कागद उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होती. मग म्हणाली, नाही ओळखत.’’